अकरा नंबरची पाळी

दोन हजार चोवीस साल. माझं वय तेव्हा बहात्तर. शाळेच्या दाखल्यावर सत्तर, कारण मास्तरांनी अंदाजानं लिहिलं होतं आणि मी तिसरीतूनच शाळा सोडल्यामुळं ते दुरुस्त करायला कोणी परत गेलं नाही. त्या उन्हाळ्यात आमच्या चारीची पाळी मोबाईलमध्ये गेली, आणि ती आमच्याच घरातून गेली. आमच्या सुनेनं घातली.

मी पाटकरी. राहुरीच्या खालच्या अंगाला आमचं गाव. मोठ्या कालव्यातून आमची चारी फुटते, तिच्यावर अठरा दारं आहेत. दार म्हणजे लोखंडी पत्र्याची झडप. ती चावीनं वर-खाली होते आणि त्या दाराखालचं रान भिजतं. कालव्याला आवर्तन, म्हणजे धरणाचं ठरलेलं पाणी, सुटलं की कोणत्या दाराला कधी पाणी द्यायचं, किती तास द्यायचं, कधी तोडायचं, हे मी बघायचो. अडतीस वर्षं बघितलं. वही कधी ठेवली नाही. कोणाचं रान पाणी पितं आणि कोणाचं नुसतं चाटतं, सगळं डोक्यात. पाणीवापर संस्थेचे चेअरमन बदलले, ऑफिसचा रंग बदलला, चावी माझ्याकडंच राहिली. याचा मला गर्व होता, आणि होता असं लिहायला मला लाज वाटत नाही.

आमच्याकडं पाळी शेपटाकडून सुरू होते. आधी अठरा नंबर, मग सतरा, असं वर वर येत एक नंबर शेवटी. वरच्याला पाणी डोळ्यासमोरून जाताना दिसतं, त्याला थांबणं जिवावर येतं, पण हाच नियम. नाहीतर खालच्याला कधी मिळायचंच नाही.

आता यात एक गोष्ट अशी की वरची खबर खाली आपोआप जाते. पाणीच नेतं. चारीत पाणी वाढलं, ओसरलं, गढूळ झालं, खालच्या माणसाच्या पायाला कळतं. खालची खबर मात्र पाणी वर आणत नाही. अठरा नंबरवाल्याचं रान भरलं हे मला दोन मैल वर चारीच्या तोंडाशी कसं कळायचं? तर त्याला हाळी होती. अठरावाला बांधावर उभा राहून ओरडायचा, "भरलंऽऽ!" ते ऐकून सतरावाला ओरडायचा, मग सोळावाला. रानारानातून चढत हाळी माझ्यापर्यंत यायची आणि मी सायकलवर टांग टाकायचो.

हाळीचे नियम कोणी लिहून ठेवले नव्हते, पण मोडायची कोणाची छाती नव्हती. तेरा नंबर आणि बारा नंबर हे सख्खे भाऊ. बांधावरून कोर्टात गेलेले, एकमेकाच्या पोरांच्या लग्नाला न गेलेले. पण तेराची हाळी आली की बारावाला तोंड वाकडं करून का होईना, वर द्यायचा. ती अडवायची नाही. आणि हाळी ऐकली म्हणून मधल्यानं कोणी आपलं दार उघडायचं नाही. ऐकायचं, वर द्यायचं, गप बसायचं. दार फिरवणार एकटा मी. कारण सगळी चारी डोक्यात असलेला माणूस एकच.

मोबाईल आले आणि हाळी गेली. ओरडतंय कोण? तेरावाला सरळ दहाला फोन करायचा, "मी तोडतो, तू घे." फावड्यानं बांध फोडून पाणी वळवायला चावी लागत नाही. दोघं खूश. मला पत्ताच नाही. मी तिकडं बाराला शब्द दिलेला, आणि पाणी मधेच दहाच्या उसात. मग बारावाला माझ्या दारात येऊन उभा. एका आवर्तनात तर दोघं फावडी घेऊन समोरासमोर आले. दोघांच्या फोनमध्ये कोणीतरी दिलेला शब्द होता आणि त्यातला एकही माझा नव्हता.

अशात एका सकाळी चेअरमन घरी आले. माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, पण खुर्चीवर बसलेला माणूस. मी पडवीत खुर्ची सरकवली. मला वाटलं मला विचारायला आले. ते बसले, पाणी प्याले आणि म्हणाले,

"तात्या, सूनबाई हायेत का घरात?"

हे मला लागलं. आजही आठवलं की लागतं.

आमची सून संगमनेरकडची. इंजिनिअर झालेली. पुण्यात एका कंपनीत मोबाईलची ॲपं करायची. नात झाली, लॉकडाऊन आलं, मुलगा सुप्याला कारखान्यात लागला, तशी नोकरी सोडून ती आमच्यात राहायला आली. चार वर्षं झाली होती. पडवीच्या कोपऱ्यात तिचं टेबल, त्यावर लॅपटॉप. कोणाची बारकीसारीक कामं करून द्यायची, पण मनासारखं काम नव्हतं. हे मला तिनं सांगितलेलं नाही. घरात राहणाऱ्याला कळतं.

चेअरमन तिला म्हणाले, "पाळीचं ॲप करायचं. सगळ्यांच्या फोनवर दिसलं पाहिजे कुणाचं चालूय, कुणाचं राहिलंय. जमंल?"

"जमेल," ती म्हणाली. लगेच म्हणाली. तिचे डोळे मी बघितले. चार वर्षांत पहिल्यांदा तसे बघितले.

"पण सांगून ठेवतो. एक आवर्तन बघणार. एक जरी पाळी चुकली तर बंद. मेंबर लोकं मला खाऊन टाकतील. आन् नीट चाललं तर शेजारच्या दोन चाऱ्या विचारतायत, त्येंचं पण तुमालाच."

ती हो म्हणाली. मला कोणी काही विचारलं नाही. मी उठून गोठ्याकडं गेलो.

पुढचे आठ दिवस ती मला विचारायला यायची. "मामा, दोन दारं एकाच वेळी सुरू असतात का कधी?" मी म्हणायचो, "तुझ्या यंत्राला विचार." "मामा, पाणी तोडल्यावर पुढच्याला किती वेळानं पोचतं?" "ज्याचं त्याला माहीत." आमची बायको चुलीपाशी बसून हे ऐकायची. एकदा म्हणाली, "अहो, पोरगी एवढं विचारतीया, दोन शब्द सांगितले तर जीभ झिजंल का?" मी म्हणालो, "अडतीस वर्षं मी कुणाला विचारलं?" ती म्हणाली, "म्हणूनच एवढी भांडणं हुत्यात." बायकोला उत्तर देण्यात अर्थ नसतो.

मग एक दिवस सुनेनं फोन माझ्यासमोर धरला. "नुसतं बघा. बोलू नका हवं तर."

मी बघितलं. वर एक मोठी चौकट, तिच्यावर लिहिलेलं, सुरू दार चौदा. तिच्या पोटात अठरा छोट्या पाट्या, एकेका दाराची एक. ज्याची जी पाटी, ती त्याच्या फोनवर दिसणार. चौदाच्या पाटीवर 'सुरू', बाकी सगळ्यांवर 'थांबा'. चौदाच्या पाटीत एक बटण, त्यावर 'भरलं'. चौदाचं रान भरलं असं समजून तिनं ते दाबलं. पाटी हिरवी झाली, 'पूर्ण' म्हणून आलं.

मी वरच्या चौकटीकडं बघितलं. तिथं अजून सुरू दार चौदा. आणि तेराची पाटी आपली थांबा म्हणून बसलेली.

मला हसू आवरलं नाही. आठ दिवस धरून ठेवलेलं तोंड उघडलं.

"काय झालं मामा?"

"काय न्हाई. चौदावाल्यानं हाळी दिली आन् सोताच ऐकली. वर कुणाला पत्ताच न्हाई."

ती फोनकडं बघत राहिली. मग पुन्हा दाबून बघितलं. मग लॅपटॉप उघडला आणि बराच वेळ वाचत बसली. मला वाटलं रुसली. तर ती उलटी माझ्याकडं वळली.

"मामा, बरोबर बोललात. हीच चूक आहे माझी. हाळी काय असते ते सांगा ना."

आता विचारलं होतं आणि चूक कबूल करून विचारलं होतं. मग मी सांगितलं. सगळं सांगितलं. बारा आणि तेराचं भांडण, तोंड वाकडं करून दिलेली हाळी, दोन फावडी. ती जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेननं चौकटी काढत होती. मग म्हणाली,

"आमच्या कामात ही बाहेरची चौकट म्हणजे पॅरेंट. आई-बाप म्हणा. आणि आतल्या पाट्या म्हणजे तिची मुलं. खरी गोष्ट काय आहे, कोणतं दार सुरू आहे, ती फक्त वरच्याकडं ठेवायची. वरचा ती खालच्याला देतो. खालच्यानं ती वाचायची, दाखवायची, पण बदलायची नाही. खाली काही झालं तर खालच्यानं वर कळवायचं. मग वरचा बदलणार, आणि बदललेलं पुन्हा सगळ्यांना खाली येणार."

बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "म्हंजी पोरांनी आई-बापानं दिलं ते न बदलता घ्यायचं, आन् काय झालं की आधी येऊन सांगायचं? असं कुठल्या घरात चालतं गं?"

"घरात नाही आत्याबाई. स्क्रीनमध्येच चालतं."

तिघंही हसलो. मी विचारलं, "मग तुझं चुकलं कुठं?"

"वरच्यानं सांगितलेलं मी प्रत्येक पाटीला वेगळं लिहून ठेवायला दिलं. स्वतःची प्रत. मग पाटी स्वतःची प्रत बदलत बसली आणि वरच्याची तशीच राहिली."

हे मला लगेच कळलं, कारण ही चूक मी स्वतः केलेली होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका चेअरमनच्या हौसेखातर मी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या होत्या. तुमची पाळी मंगळवारी सकाळी आठला, तुमची दुपारी दोनला. सोमवारी चारी फुटली. बांधबंदिस्ती करण्यात दीड दिवस गेला आणि सगळ्या वेळा पुढं सरकल्या. पण चिठ्ठ्या लोकांच्या खिशात तशाच! मंगळवारी सकाळी आठला माणूस चिठ्ठी नाचवत हजर. "तुमच्याच हातचं हाय तात्या!" चारी कोरडी दिसतीये डोळ्यांनी, तरी त्याचा विश्वास चिठ्ठीवर. तेव्हापासून मी चिठ्ठी दिली नाही.

मी हे सांगितलं तर सून टेबलावर हात मारून म्हणाली, "अगदी हेच! चिठ्ठी द्यायची नाही. दर वेळी वर बघूनच दाखवायचं."

"आन् वर कळवायचं कसं? खालच्याला तोंड कुठंय?"

"ते वरचाच देतो. पाटी तयार करताना वरचा तिच्या हातात देतो. भरलं की या दोरीला हिसका दे. दोरीचं दुसरं टोक वरच्याकडं. खालच्याला वर काय होतं ते माहीत असायची गरज नाही. त्यानं फक्त ओढायचं."

"आन् चौदानं तेराला परस्पर सांगितलं तर?"

"सोयच ठेवणार नाही. दोघांमध्ये दोरीच नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की हिचं काम आणि माझं काम फार लांबचं नाही. पण हे मी तिला म्हणालो नाही.

दोन दिवसांत तिनं पुन्हा बांधलं. या वेळी चौदानं 'भरलं' दाबलं की वर 'चौदा पूर्ण' यायचं, आणि मी माझ्या फोनवर पुढचं दार 'सुरू' केलं की तेराच्या पाटीवर 'सुरू' यायचं. वरचा भाग माझ्या फोनवर. माझ्याशिवाय पुढं काही हलत नव्हतं. नियम एवढाच ठरला की मी आधी फोनवर 'सुरू' दाबायचं आणि मग चावी फिरवायची, म्हणजे खालचा माणूस पाण्याच्या आधी बांधावर हजर होईल.

मे महिन्यात आवर्तन सुटलं. पहिले दोन दिवस ठीक गेले. अठरापासून बारापर्यंत एकही फोन आला नाही, एकही माणूस दारात आला नाही. लोक ॲपचं कौतुक करत होते. सुनेचं करत होते. सात दारांना पाणी दिलं आणि कोणी तात्या म्हणून हाक मारली नाही, कारण गरजच पडली नाही. मी सायकलवरून जायचो, दाबायचो, चावी फिरवायचो. मला वाटायला लागलं, आता चावी कोणी का फिरवेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाराचं 'भरलं' आलं. मी बारा तोडून अकराच्या दारावर गेलो. तिथं चेअरमन दोन मेंबरांना घेऊन बघायला आलेले. मी सायकल लावली, चावी काढली.

"तात्या, आधी अंगठा!" चेअरमन म्हणाले. "आता चावीच्या आधी अंगठा. अडतीस वर्षं चावी चालवली, आता अंगठेबहाद्दर झालात!"

मेंबर हसले. चेअरमनच्या मनात वाईट नव्हतं, हे आज कळतं. पण मी तिसरी शिकलेला माणूस आहे, सही करतो, अंगठा कधी दिला नाही. मी फोन खिशातून काढलाच नाही. चावी लावली, दार वर केलं, पाणी सोडलं आणि बाभळीखाली जाऊन बसलो. ते लोक मोटारसायकलवर निघून गेले.

दाबायचं विसरलो, असं मी पुढं दिवसभर मनाला सांगत राहिलो. पण विसरलो नव्हतो.

अकरा नंबर एका बाईचं रान. नवरा नगरला टेम्पो चालवतो, शेती ती एकटी बघते. तिचा उन्हाळी भुईमूग होता, आऱ्या सुटलेल्या. आऱ्या म्हणजे शेंगेची मुळी, ती जमिनीत शिरायला वल लागते, म्हणून ते एक पाणी फार मोलाचं. ती रानात नव्हती. मला वाटलं येईल. पाणी दिसलं की माणूस येतो. पण तिचं घर चढाला, दोनशे पावलांवर, आणि तिच्या फोनवर 'थांबा' होतं. ती दारात बसून शेंगा फोडत होती, फोन समोर ठेवून, अडीच तास. वाफ्याची दारं धरायला माणूस नाही, तर पाणी पहिल्याच सरीतून सरळ धावलं आणि खालच्या ओढ्यात उतरलं. मी बाभळीखाली 'भरलं'ची वाट बघत होतो. ते येणार कसं? ज्याचं सुरूच झालं नाही त्याच्या पाटीत 'भरलं'चं बटणच दिसत नाही. वेळ संपली तसं मी दार तोडलं आणि दहाकडं गेलो. दहाला मात्र दाबलं.

दुपारी तिनं बघितलं की दहाचं सुरू झालं. ती धावत आली. ओढ्यात पाणी, एक सरी भिजलेली, बाकी रान कोरडं. तिनं मला काही विचारलं नाही. तिला वाटलं मोबाईलनं दगा दिला. सरळ चेअरमनला फोन.

चार वाजता ऑफिसात सगळे जमले. मीही गेलो. सून आली, पदर खोचून, लॅपटॉप हातात. अकरा नंबरवाली बोलत होती, "मी फोनसमोरून हलले न्हाई. त्यात थांबा होतं. मी थांबले. माझं काय चुकलं?" तिचं काहीच चुकलं नव्हतं. एक मेंबर म्हणाला, "मी म्हणतच हुतो, पाणी काय मोबाईलमधून वाहतंय व्हय?" चेअरमन सुनेला म्हणाले, "ताई, एक पाळी चुकली तर बंद, असं ठरलं हुतं. तुमीच हो म्हणला हुता."

सुनेनं लॅपटॉप उघडला. कोणत्या फोनवर काय किती वाजता दाबलं, ते त्यात सगळं राहतं हे तिनं मला आधी दाखवलेलं होतं. ती बघत होती. मी तिच्याकडं बघत होतो. तिला दिसलं, हे मला कळलं. बारानंतर सरळ दहा. मधे काहीच नाही.

तिनं लॅपटॉप मिटला. "मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या," एवढंच म्हणाली.

"सकाळी नऊ," चेअरमन म्हणाले. "मग निकाल."

मी तोंड उघडलं नाही. सगळ्यांच्या पुढं बसलो होतो आणि उघडलं नाही.

दिवेलागणीला जेवायला बसलो. सून वाढत होती. नात तिच्या आजीच्या मांडीवर. मी भाकरी मोडली आणि म्हणालो, "बघितलंस?"

"बघितलं."

"मग तिथं का न्हाई बोललीस?"

तिनं आमटी वाढली. "मी बोलले असते तर म्हणाले असते, स्वतःचं वाचवायला सासऱ्यावर ढकलते."

"ढकललं असतं. खरंच तर हाय."

"खरं आहे, पण ते मी कसं सांगू? मला वाटलं तुम्ही सांगाल."

"आन् मी न्हाई सांगितलं तर?"

"तर बंद. आणखी काय." ती आत गेली. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

बायको म्हणाली, "काय झालंय काय? मला कुणी सांगंल का?" मी हात धुऊन उठलो.

रात्रीची दारं बदलून आलो आणि अंथरुणावर पडून विचार केला तो असा. अडतीस वर्षं माझ्यावर राग धरलेली माणसं होती, पण तात्यानं खोटं केलं असं एकानं म्हटलं नव्हतं. हाळी अडवायची नाही हा नियम मी बाराला शिकवला, तेराला शिकवला. आणि वरून खाली जायची एक साधी गोष्ट मी माझ्याच खिशात अडवली. कशावरून? एका हसण्यावरून. आणि तिचं चार वर्षांनी हातात आलेलं काम त्यात बुडत होतं. सांगायला कोणी नव्हतं म्हणून नव्हे, माझं तोंड उघडत नव्हतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेली टोपी घातली आणि नऊच्या आधी ऑफिसात जाऊन बसलो. सगळे आले. सून आली ती दाराशी उभी राहिली. चेअरमननी तिच्याकडं बघून विचारलं, "मग ताई, चूक सापडली का?"

मी उठलो. "तिला नको विचारू. यंत्र चुकलं न्हाई. मी दाबलं न्हाई."

चेअरमन मऊ आवाजात म्हणाले, "असूद्या तात्या. विसरलं असंल. वय झालं आता."

तो मला वाचवायला बघत होता. मला तेच सहन झालं नाही.

"वय काढू नको. मी विसरलो न्हाई. तू अंगठेबहाद्दर म्हणलास, ही दोघं हसली, म्हणून दाबलं न्हाई. मुद्दाम."

चेअरमननी मान खाली घातली. अकरा नंबरवाली पुढं आली. "म्हंजी तुमच्या रागापायी माझा भुईमूग?"

"व्हय."

"एवढं सोपं व्हय म्हणता तात्या? आन् मी रातभर मोबाईलला शिव्या घातल्या!"

"आता मला घाल."

ती घालणार होती, पण तिला हसू आलं, आणि हसू आल्याचाही तिला राग आला. "शिव्यांनी आऱ्या भिजत न्हाईत. पाण्याचं बोला."

"माझी दोन नंबरची पाळी राहिलीय. ती तू घे. आत्ता. माझा जनावरांचा घास एक पाणी थांबंल."

एक मेंबर म्हणाला, "पण त्या ॲपमधी अशी अदलाबदल बसती का?"

सगळ्यांनी सुनेकडं बघितलं. ती म्हणाली, "बसते. पण वरूनच करावी लागेल. मामांच्या फोनवरून."

चेअरमन म्हणाले, "मग काय. चालू द्या. ॲप चालू द्या." आणि कोणी काही बोलायच्या आत चहा सांगितला. मी चहाला थांबलो नाही.

अकराच्या दारावर गेलो. येताना सहा नंबरचं भरलं म्हणून तोडलं होतं. सून मला फोनवर कुठं काय करायचं ते सांगत होती. ती चालत माझ्या सायकलच्या मागं आली होती. दोन नंबर काढला, अकरा घातला. मग 'सुरू'. माझ्या अंगठ्याला चावीचे घट्टे, काचेला तो लागतच नव्हता. तीनदा दाबलं. "बोटानं दाबा मामा," सून म्हणाली. मी अंगठ्यानंच दाबलं. चौथ्यांदा लागलं.

खाली बांधावर ती बाई फावडं घेऊन उभी होती. तिनं फोन बघितला आणि हात वर केला.

"आलंऽऽ! सुरू आलं तात्या!"

मग मी चावी फिरवली.